रोजच्या दिवसाला अर्थ कसा आणावा: मंगळवेढ्याच्या गिरणीतून

मंगळवेढ्यात आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी चालवते. दळणाला आलेल्या बायका डबा ठेवतात आणि पीठ होईपर्यंत मनातलं बोलतात. "सगळं करते, पण कशासाठी करते तेच कळत नाही," हे हल्ली फार ऐकते. बँकेत नोकरी करणारीही म्हणते आणि दोन एकरांत राबणारीही. माझं म्हणणं एवढंच, की या प्रश्नाचं उत्तर कुणाच्या तरी नावाने सुरू झालं पाहिजे. ते कसं करायचं, ते सांगते.

सुरुवात कामापासून करा, दिवस तिथेच जातो. एक कागद घ्या आणि आपलं काम शेवटी कुणाच्या हातात पडतं ते लिहा. "समाजाच्या" असं लिहू नका, माणसं लिहा. माझ्या कागदावर कडक भाकरी करून विकणारी एक बाई आहे. तिला ज्वारी बारीक लागते आणि ताजी लागते, कारण पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, जाते आणि पातळ भाकरी थापता थापता तुटते. तिची रोजची कमाई माझ्या दगडावर अवलंबून आहे. एक आजोबा आहेत, दात नाहीत, त्यांचं पीठ आणखी मऊ. बाजरीवाल्यांना मी थोडंच दळून न्यायला सांगते, ते पीठ लवकर कडू होतं. दगड जास्त दाबला तर पीठ तापतं. तसंच डब्यात कोंडलं तर वाफ धरतं आणि गुठळ्या होतात. म्हणून झाकण लावू देत नाही, आधी गार करा म्हणते. आमच्या भागातली मालदांडी काळ्या रानात, पावसाच्या उरलेल्या ओलीवर येते. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेतकऱ्याने एवढं राखलेलं धान्य मी शेवटच्या दहा मिनिटांत बिघडवायचं, हे मला पटत नाही.

कागद झाला की आपल्या कामातली एक अशी गोष्ट निवडा जी कुणी तपासत नाही, आणि ती रोज नीट करा. माझ्याकडे ती म्हणजे दगडाला वेळेवर टाकी लावणं, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड टोचून पुन्हा खरबरीत करणं, आणि एकादशीच्या आदल्या रात्री गिरणी झाडून पुसून ठेवणं. सकाळी पहिलं दळण उपासाच्या भाजणीचं, त्यात गव्हाचा कणही यायला नको. ती भाजणी आणणाऱ्या बाईंना आत येऊन बघता येत नाही. त्या माझ्यावर विश्वास ठेवून खातात.

ज्यांना गिऱ्हाईक दिसतच नाही त्यांनी विचारून शोधावं. माझा मुलगा चाकणला कारखान्यात दुचाकीच्या ब्रेकचे भाग करतो. तो म्हणायचा, दिवसभर एकच तुकडा, त्यात काय. मी म्हटलं, तुझ्या बाबांची गाडी कोणत्या ब्रेकवर थांबते ते वरच्या साहेबांना विचार. त्याने विचारलं. आता गावी आला की वडिलांची गाडी स्वतः तपासतो.

घराबद्दल थोडक्यात सांगते. "वेळ द्या" या सल्ल्याने काही होत नाही, समोरासमोर बसलं की माणसं गप्प होतात. हाताला एकत्र काम द्या. आमच्याकडे रविवारी सगळे मिळून धान्य निवडतो. नात खडे वेचते, सून पाखडते, हे पोती शिवतात. सून पुढे शिकायचं म्हणतेय हे मला सुपाशी बसूनच कळलं. तुमच्याकडे धान्य नसेल तर शेंगा सोला, कपड्यांच्या घड्या घाला, पण टीव्ही बंद हवा.

आता श्रद्धा आणि तत्त्वं. इथे लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि सगळ्यात कमी करतात, असं मला स्पष्ट वाटतं. आमचं गाव दामाजीपंतांचं. बहामनी राजवटीत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं भुकेल्यांसाठी उघडली, ही कथा इथे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. राजाचा कोप होणार हे त्यांना माहीत होतं. चोखोबाही इथलेच. १३३८ मध्ये गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून गेले. पंढरपूर इथून सुमारे २५ किलोमीटर. ही नावं रोज घेणं सोपं आहे, म्हणून मी स्वतःला एक नियम घातला: जी श्रद्धा आपल्याकडून काहीच मागत नाही, ती अजून आपली झालेली नाही. तुमचं तत्त्व एका ओळीत, करायच्या कामाच्या रूपात लिहा. "प्रामाणिक राहीन" असं नको. माझ्या ओळी दोन आहेत. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं दळण करायचं आणि वहीत मांडायचं नाही. आणि भेसळ दळायची नाही. दोन पुरेत, जास्त घेतल्या की एकही पाळली जात नाही.

हे लिहून झालं की घरच्यांना वाचून दाखवा, आणि वेळ येण्याआधी दाखवा. हे मी फार कळकळीने सांगते, कारण काम, घर आणि तत्त्व यांची ओढाताण इथेच होते. एका व्यापाऱ्याने पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी चांगल्या मालात मिसळून दळायला आणली. पोती भरपूर होती आणि मजुरी रोख. मी नाही म्हटलं. तो पुन्हा आला नाही, त्या महिन्यात घरात चणचण झाली. पण ह्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही, कारण ती ओळ त्यांनी आधीच ऐकली होती आणि मान डोलावली होती. आधी सांगितलं नसतं तर तोटा एकट्या माझ्या हट्टाचा ठरला असता. सांगितलेलं असल्यामुळे तो आमच्या घराचा निर्णय झाला. तुमच्या घरात कुणी मान डोलावली नाही तर भांडू नका. किती झळ सोसता येईल ते विचारा आणि ओळ तेवढी लहान करा. मीही फुकट दळण आधी फक्त म्हाताऱ्या, एकट्या बायकांपुरतं ठेवलं होतं.

कागद वर्षातून एकदा बदला. मी संक्रांतीच्या सुमारास नवी ज्वारी यायच्या आधी बदलते. काही नावं गेलेली असतात, काही नवी आलेली असतात.