अंगणात आगटी, शेजाऱ्याच्या घरात धूर: या चुका टाळा

हुरड्याचे दिवस आले की जुळे सोलापूर, विजापूर रोड भागात अंगणाअंगणात आगटी पेटते. शेतातल्या आगटीचा धूर रानभर पांगतो. इथे मात्र दहा फुटांवर शेजाऱ्याची खिडकी आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरी असतात.

पहिली चूक ओल्या गोवऱ्यांची. वरून वाळलेली गोवरी आतून दमट असू शकते, म्हणून एक मोडून बघा. कट्कन तुटली आणि हाताला हलकी लागली तर घ्या. वाकली किंवा आत काळपट ओल दिसली तर उन्हात टाका. ओलं जळण पेटलं तरी बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, आच चढत नाही आणि न जळलेला वायू दाट पांढरा धूर होऊन बाहेर पडतो. असा धूर दिसला की आपण वर आणखी गोवऱ्या रचतो, तिथेच गणित बिघडतं. उलट चिमट्याने गोवऱ्या सैल करा, खालून वारा जाऊ द्या, दोन-चार वाळक्या तुराट्या सारा. ज्वाळ धरली की धूर आपोआप कमी होतो. कणसं तर फुफाट्यातच भाजायची असतात, त्यामुळे घमेल्याएवढी आगटी पुरते. होळीएवढा ढीग कशाला?

वेळही चुकते. थंडीत सूर्य मावळला की जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वरच्या उबदार हवेखाली धूर अडकून पडतो. पहाटेही तेच. दुपारी सुरू करून उजेड असेपर्यंत आटोपलेलं बरं. वारा सुटला असेल तर त्या दिवशी बेत रद्द. शेजारी कुणाला दमा असेल तर आधी विचारून घ्या, त्यात कमीपणा नाही.

रॉकेल ओतू नका. प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड, प्लायवूड आगटीत नको. त्यांचा धूर विषारी असतो आणि हुरड्यालाही लागतो. कुंपणाच्या कण्हेरीच्या फांद्याही नकोत, ते झाडच विषारी.

विझवताना वरून माती लोटून मंडळी झोपायला जातात. आत निखारे धुमसत राहतात आणि रात्रभर शेजाऱ्याच्या घरात धूर. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात बादली ओतायला जीव होत नाही हे कबूल, पण भांडी धुतलेलं पाणी चालतं. ते एकदम न ओतता शिंपडा, काठीने राख ढवळा, पुन्हा शिंपडा. राखेवर हात धरून धग लागत नाही ना, ते बघा.

आगटी पेटलीच आहे म्हणून आवारातला पालापाचोळा तिच्यात लोटणं ही सगळ्यात वाईट सवय. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. शिवाय हवा सुधारण्याच्या केंद्राच्या कार्यक्रमात ज्या शहरांची नावं आहेत, त्यांत सोलापूरही आहे. आणि पाला जाळायचा कशाला? फाल्गुनात कडुनिंब अंगणभर पानं टाकतो, तेव्हा ती झाडांच्या आळ्यात चार बोटं जाड पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. आपल्या उन्हाळ्यात ओल टिकते आणि पाणी कमी लागतं. उरलेला पाला खड्ड्यात भरून त्यावर शेणकाला शिंपडत राहा.