उपग्रहाची रेघ फोटोत अखंड कशी आणावी

सुरुवात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून करा. साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून ते सुमारे ९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतं आणि डोक्यावरून गेलं तर गुरूपेक्षाही झगझगीत दिसतं. बारक्या उपग्रहांच्या मागे नंतर लागा.

वेळ म्हणजे सूर्यास्तानंतरचे दीड-दोन तास, नाहीतर सूर्योदयाआधीचे तेवढेच. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. खाली अंधार पडलेला असावा आणि वर त्याच्यावर अजून ऊन असावं, तेव्हाच तो दिसतो.

हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपलं ठिकाण नीट भरा आणि आकाशात क्षितिजापासून ४० अंशांपेक्षा उंच जाणारी फेरी निवडा. तेजस्वितेचा आकडा जितका उणे, तितका ठिपका झगझगीत. तक्ता त्याच दिवशी पुन्हा पाहायचा, कारण इंजिनं चालवून स्थानकाची कक्षा अधूनमधून उचलली जाते आणि आठवड्यापूर्वी टिपून ठेवलेली वेळ चुकते.

दिवे लुकलुकत असतील तर ते विमान. लुकलुक न करता सरकणारा पांढरा ठिपका आपला. तो आकाशाच्या मध्यातच विझला तर कॅमेऱ्यात काही शोधू नका, तो पृथ्वीच्या सावलीत शिरलाय.

फोकस हातानेच करा: तेजस्वी तारा स्क्रीनवर मोठा करून ठिपका सगळ्यांत बारीक होईपर्यंत रिंग फिरवा आणि चिकटपट्टी लावा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका.

आता खरी मेख. ‘शटर चार मिनिटं उघडं ठेवा, आख्खी रेघ येईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. शहराच्या उजेडात त्यातून फक्त दुधाळ आकाश मिळतं. उपग्रह सेन्सरच्या एकेका बिंदूवरून क्षणात पुढे जातो, त्यामुळे शटर कितीही वेळ उघडं ठेवलं तरी रेघ तिळभरही उजळत नाही. उजळत राहतं ते आकाश. रेघेचा उजेड ठरतो अपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं ते) आणि आयएसओवर (सेन्सर किती संवेदनशील ते). म्हणून वाइड लेन्स, अपर्चर एफ २.८, आयएसओ ८००, शटर १० सेकंद, आणि असे फोटो एकामागून एक; नंतर ते एकत्र केले की एकच रेघ होते. आकाश पांढरट आलं तर आधी शटरचा वेळ कमी करा, आयएसओला शेवटी हात लावा.

एवढं करूनही माझ्या पहिल्या तीन फेऱ्या वाया गेल्या. रेघ आली, पण तुटक, शिवणीच्या टाक्यांसारखी. मी मेमरी कार्डाला दोष दिला, नवं घेतलं, टाके तसेच. दोषी निघालं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे जास्त वेळ शटर उघडं ठेवलेल्या फोटोतले दाणे कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय. ते चालू असलं की दहा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर मिटून आणखी दहा सेकंदांचा काळा फोटो घेतो. म्हणजे निम्मी फेरी गेलीच. मेनूत जाऊन ते बंद करा, आणि निघण्यापूर्वी घरीच दोन फोटो काढून खात्री करा.

ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हल टायमरही मी वापरत नाही. मध्यांतर आणि शटर दोन्ही १० सेकंद ठेवले की काही कॅमेरे एकाआड एक फोटो गाळतात. मग लोक मध्ये एक-दोन सेकंद सोडतात. डोक्यावर असताना स्थानक सेकंदाला एक अंशाहून जास्त सरकतं, म्हणजे एका सेकंदात दोन पूर्णचंद्र मावतील एवढी फट! त्यापेक्षा कॅमेरा सलग फोटोंच्या मोडवर ठेवा, केबल रिमोटचं बटण दाबून अडकवा आणि बाजूला व्हा. तरीही केसाएवढी फट राहते, पण ती मोठं करून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

ठिपका दिसण्याच्या मिनिटभर आधी बटण अडकवा आणि तो विझेपर्यंत सोडू नका. मध्येच फोटो कसे आलेत ते पाहायला गेलात तर तिथेही फट पडेल.

घरी आल्यावर सगळे फोटो स्टारस्टॅक्स या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून ‘लायटन’ पद्धतीने एकत्र करा. एखाद्या फोटोत विमान घुसलं असेल तर तो फोटो काढून टाकू नका, रेघ तिथेच तुटेल. त्या फोटोतल्या विमानावर काळा ब्रश फिरवा. लायटन फक्त उजळ भागच उचलतं, त्यामुळे काळा डाग आपोआप गायब होतो.