टूरिंग बाइकला विंडशील्ड घेताय? आधी पुठ्ठा कापा

दुकानात सगळ्यात उंच विंडशील्ड, म्हणजे वारा अडवणारी पुढची काच, बघून भुलू नका. आधी घरी गाडी मेन स्टँडवर घ्या, हेल्मेट घालून नेहमीसारखे बसा आणि पुठ्ठ्याचा तुकडा कापून पुढे चिकटपट्टीने लावून बघा. वरची कड नाकाच्या रेषेत यावी, म्हणजे रस्ता काचेच्या वरून दिसतो. काचेतूनच बघावं लागलं तर पावसात, रात्री समोरच्या ट्रकचे दिवे पडले की काही म्हणजे काही दिसत नाही. कड हनुवटीच्या खाली राहिली, तर वाऱ्याचा झोत थेट हेल्मेटवर आदळतो. नागपूरहून अमरावतीपर्यंत जाईस्तोवर मान अवघडते, डोकं भणभणतं. मी हे भोगलंय.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. तेव्हा छातीवर जराही वारा लागला नाही तर जीव नकोसा होतो, म्हणून उंची कमी-जास्त करता येणारीच घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

काच पॉलीकार्बोनेटची, म्हणजे चिवट प्लास्टिकची बघा. ॲक्रेलिक हे दुसरं प्लास्टिक स्वच्छ दिसतं, पण दगड उडून लागला की तडकतं. पॉलीकार्बोनेटवर ओरखडे मात्र लवकर पडतात, त्यामुळे चिकटलेले किडे खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग अलगद पुसा. पेट्रोल अजिबात लावू नका, काच धुरकट होते.

बसवून झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठे घासत तर नाही ना.