स्वस्त तिकीट, महाग ट्रिप: वेळ आणि पैशाच्या या चुका टाळा

तिकीट शोधताना बरेच जण पहिलं काम काय करतात, तर लिस्ट 'सगळ्यात स्वस्त आधी' अशी लावतात आणि वर जे येईल ते बुक करून मोकळे होतात. नंतर कळतं की मधे ११ तास एअरपोर्टवर बसायचंय, विमान उतरणार पहाटे ४ ला तेव्हा शहरात जायला ना बस ना मेट्रो, हॉटेलचं चेक-इन दुपारी २ ला आणि बॅगेचे पैसे वेगळे. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर पहिला अख्खा दिवस झोप काढण्यात जातो तो वेगळाच, त्याचा हिशोब कुणी लावतच नाही.

माझ्या मते वेळेच्या आणि पैशाच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ हेच आहे, आपण दोन्हीचा हिशोब एकत्र मांडतच नाही. पैसे वाचवताना तास किती गेले ते बघत नाही, आणि वेळ वाचवायच्या नादात खिसा किती हलका झाला ते महिनाअखेरीला कळतं. यावर साधा उपाय आहे. जेवढे पैसे वाचतायत त्याला त्यापायी जास्तीचे जेवढे तास जाणारेत त्याने भागा, म्हणजे एका तासाला किती मिळाले ते कळेल. तेवढ्या पैशासाठी कुणी तुम्हाला सांगितलं असतं की ये, एक तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहा, तर बसला असता का? नसता, तर जरा महागडं तिकीटच तुम्हाला स्वस्त पडतंय. आणि ट्रिपमधला दिवस तर अजून महाग असतो, कारण ५ दिवसांच्या ट्रिपचा १ दिवस वाया गेला म्हणजे सगळ्या खर्चातला पाचवा हिस्सा पाण्यात गेला. अर्थात हातात वेळच वेळ आहे आणि पैसे कमी आहेत अशी परिस्थिती असेल तर ११ तास बसणं अगदी बरोबर आहे, त्यात काही कमीपणा नाही, फक्त ते ठरवून बसा.

याची उलटी चूक पण तितकीच कॉमन आहे बरं का. चार चार दिवस दहा ॲप उघडून रेट रिफ्रेश करत बसणारे लोक. अमुक वारी मध्यरात्री तिकीट स्वस्त होतं वगैरे गोष्टींवर फार जाऊ नका, एकाच विमानातल्या सीट वेगवेगळ्या भाड्याच्या गटात विभागलेल्या असतात, खालचा गट भरला की पुढचा महाग गट दिसायला लागतो, शिवाय मागणी बघून भाडं वरखाली होतं. आधीच एक रक्कम ठरवा, त्याच्या आत मिळालं की बुक करा आणि नंतर परत रेट बघायला जाऊच नका. नंतर बघून फक्त चिडचिड होते.

दोन सुटी तिकिटं जोडणं

ही चूक जरा सविस्तर सांगतो कारण यात एका फटक्यात सगळ्यात जास्त पैसे जातात. अ ते ब एका कंपनीचं स्वस्त तिकीट, ब ते क दुसऱ्या कंपनीचं, मधे दीड तास, एकूण मस्त बचत. पहिलं विमान १ तास लेट झालं की खेळ खल्लास. दोन्ही प्रवास एकाच बुकिंगवर असले तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी साधारणपणे कंपनीची असते, पण सुट्या तिकिटांत दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही वेळेवर आला नाहीत एवढंच खरं, ते तिकीट गेलं. त्यात बॅग पण स्वतः घेऊन परत चेक-इन करायची असते, दुसरा देश असेल तर इमिग्रेशनची लाइन, काही ठिकाणी मधल्या देशाचा व्हिसा सुद्धा लागतो. तरी सुटी तिकिटंच घ्यायची असतील तर मधे निदान ५-६ तास ठेवा, किंवा मुक्कामच करा आणि त्या मुक्कामाचा खर्च आधीच बचतीतून वजा करून बघा. बहुतेक वेळा बचत तिथेच संपते.

पहिलं विमान लेट होतंय असं दिसायला लागलं तर हात बांधून बसू नका. दुसऱ्या कंपनीला विमान सुटायच्या आधी फोन करा, काही तिकिटांत तारीख-वेळ बदलायची फी असते आणि ती नवीन तिकिटापेक्षा कमी असू शकते, विमान सुटल्यावर मात्र तो ऑप्शन सहसा उरत नाही. पहिल्या कंपनीकडून लेट झाल्याचं लेखी घ्या, मेसेज आला असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, इन्शुरन्सला तेच लागतं.

अजून एक, परतीचं तिकीट आहे आणि जाताना वाटलं की जाऊ दे, पहिला टप्पा सोडून आपण रस्त्यानेच जाऊ, तर असं न सांगता करू नका. पहिल्या टप्प्याला हजर नसलात तर बऱ्याच कंपन्या त्या बुकिंगवरचे पुढचे सगळे टप्पे कॅन्सल करतात, परतीचा पण.

'होऊन जाईल अर्ध्या तासात'

नाही होत. १९७९ मध्ये डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी या सवयीबद्दल लिहून ठेवलंय, की माणूस पुढच्या कामाचा अंदाज करताना सगळं सुरळीत होईल हेच धरून चालतो आणि आधीची तशीच कामं किती लांबली होती ते सोयीस्कर विसरतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसात होईल, सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. सगळं बिघडलं तर किती? तर ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून जास्त. म्हणजे मुद्दाम वाईटात वाईट धरून केलेला अंदाज पण कमी पडला!

रोजच्या आयुष्यात याचे पैसे कसे जातात बघा, उशीर झाला म्हणून टॅक्सी, आयत्या वेळी घेतलं म्हणून दुप्पट भाव, शेवटची तारीख हुकली म्हणून लेट फी, घरी स्वयंपाकाला वेळ उरला नाही म्हणून बाहेरून मागवणं. हे सगळं आपण 'खर्च' म्हणून लिहितो पण खरं तर तो वेळेचा दंड आहे. बिलं ऑटो-पे ला टाका हे सगळेच सांगतात, ते कराच, पण त्याहून जास्त फरक पडतो तो अंदाज डोक्यातून न काढता मागच्या अनुभवावरून काढल्याने. गेल्या तीन वेळेला सामान भरून घराबाहेर पडायला किती वेळ लागला होता? तेवढाच आता लागणार. यावेळी काही तुम्ही वेगळे माणूस झालेला नाही आहात.

प्रवासात तर प्लॅनच असा करतात की सकाळी ८ ते रात्री १० एक मिनिट मोकळं नाही. एक बस चुकली की पुढची आधी पैसे भरलेली तीन बुकिंगं ओळीने कोसळतात. आधी पैसे भरायची गोष्ट दिवसाला एकच ठेवा, बाकी सगळं असं ठेवा की सोडून दिलं तरी काही जात नाही.

पैसे भरलेत म्हणून जायचंच

१९८५ मध्ये हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी लोकांना एक प्रश्न टाकला होता. तुम्ही दोन स्की ट्रिप बुक केल्या, एक १०० डॉलरची, दुसरी ५० ची, आणि ५० वाल्या ट्रिपला जास्त मजा येईल असं तुम्हालाच वाटतंय. मग कळलं की दोन्ही एकाच वीकेंडला आहेत आणि पैसे परत मिळत नाहीत. कुठे जाल? निम्म्याहून जास्त लोक म्हणाले १०० वालीला. कमी मजेच्या ट्रिपला, का तर तिथे जास्त पैसे अडकलेत! पैसे दोन्हीकडचे गेलेलेच आहेत, आता निवडायचाय तो फक्त वीकेंड, पण हे डोक्यात शिरत नाही.

घरात ही चूक फार तर कंटाळवाण्या सिनेमावर किंवा न वापरलेल्या जिम मेंबरशिपवर भागते. डोंगरावर भागत नाही. १० मे १९९६ ला एव्हरेस्टवर शिखर गाठलं नसलं तरी दुपारी १ किंवा फार तर २ ला परत फिरायचं असं बोलणं झालेलं होतं, तरी काही जण २ नंतर पण वर चढत राहिले, संध्याकाळी वादळ आलं आणि त्या १०-११ मे मध्ये ८ जणांचा जीव गेला. त्यामागे कारणं बरीच होती, पण भरपूर पैसे आणि कित्येक महिने घालून शिखराच्या इतक्या जवळ आल्यावर मागे फिरणं किती अवघड जातं ते यातून दिसतं. साधा एक दिवसाचा ट्रेक असला तरी परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा आणि सोबतच्या सगळ्यांना सांगून ठेवा, वर गेल्यावर ठरवू म्हणालात की झालं.

ती वेळ काढायची कशी? स्कॉटलंडच्या विल्यम नाइस्मिथने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरतात, दर ५ किलोमीटरला १ तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरला अजून १ तास. म्हणजे १० किलोमीटर चालून ९०० मीटर चढायचं असेल तर साडेतीन तास. हे फिट माणसाचं आणि कुठेही न थांबता, त्यात फोटो, पाणी, कुणाचा तरी बूट चावणं हे धरलेलं नाही. ग्रुपमध्ये सगळ्यात हळू चालणारा जो असेल त्याच्यावरून वेळ धरा, स्वतःवरून नाही.

उंचावर आणि पाण्याखाली दिवस वाचवायला जाऊच नका, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर ३-४ दिवसांनी एक जादा दिवस त्याच उंचीवर थांबायचं असं डॉक्टर सांगतात. पॅकेज स्वस्त दिसावं म्हणून नेमका हाच थांबायचा दिवस उडवतात, बुक करताना रोजच्या मुक्कामाची उंची मागा, नाही सांगितली तर दुसरा बघा. तसंच स्कूबा डायव्हिंग केल्यावर एका डाइव्हनंतर निदान १२ तास, आणि जास्त डाइव्ह किंवा अनेक दिवस केलं असेल तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. त्यामुळे शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी फ्लाइट असा प्लॅन असेल तर तो आत्ताच बदला, डाइव्ह पहिल्या दिवसांत घ्या.

गिअरबद्दल थोडक्यात. पहिल्याच ट्रेकला सगळं विकत घेऊ नका, तंबू, स्लीपिंग बॅग भाड्याने घ्या, बूट मात्र स्वतःचे आणि आधी घराजवळ वापरून पायाला रुळलेले. दोर, हार्नेस (दोराला अडकवून घ्यायचा अंगावरचा पट्टा), हेल्मेट सेकंडहँड घ्यायचं नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी, कारण आतून झालेलं डॅमेज बाहेरून दिसतंच असं नाही आणि नायलॉनचा दोर न वापरता ठेवला तरी बहुतेक कंपन्या साधारण १० वर्षांनंतर वापरू नका म्हणतात. इन्शुरन्स घेताना किती मीटर उंचीपर्यंत आणि डायव्हिंग असेल तर किती खोलीपर्यंत चालतो, आणि हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च धरलाय का, या दोन ओळी शोधून वाचा, बाकी नाही वाचलं तरी एक वेळ चालेल.

कार्डाचे दोन सापळे

परदेशात मशीनवर कार्ड लावलं की स्क्रीन विचारतं, तुमच्या देशाच्या चलनात पैसे घेऊ का? वाचायला बरं वाटतं, कारण आकडा ओळखीचा असतो. नाही म्हणा. तो रेट मशीनवाली कंपनी ठरवते आणि त्यात तिचं कमिशन धरलेलं असतं, स्थानिक चलन निवडलं तर बँकेचा रेट लागतो आणि तो बहुतेक वेळा बरा असतो. चुकून दाबलं तर पावती घेण्याआधी तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून परत करायला सांगा.

दुसरा, ट्रिपचा खर्च क्रेडिट कार्डावर टाकून नुसता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत राहणं. बाकीवर महिना ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. वर बऱ्याच कार्डांवर आधीची बाकी असली की नवीन खरेदीला मिळणारे बिनव्याजी दिवस पण जातात, म्हणजे परत आल्यावर घेतलेल्या किराण्यावर सुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज. अडकला असाल तर आधी त्या कार्डावर नवीन काहीही घेणं बंद, मग बँकेला विचारून बाकी रक्कम कमी व्याजाच्या हप्त्यांत किंवा साध्या पर्सनल लोनमध्ये फिरवून घ्या.

निघायच्या आधी आणि काही बिघडलंच तर

पासपोर्ट संपायला ६ महिने आहेत का बघा, बरेच देश तेवढी मुदत मागतात आणि नसेल तर एअरपोर्टवरच थांबवतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळवून बघा. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, जवळच ठेवायची, आणि मर्यादा साधारण १०० वॉट-अवर म्हणजे २७,००० एमएएचच्या आसपास.

बॅग आलीच नाही किंवा फुटून आली तर एअरपोर्टच्या बाहेर पडायच्या आधी काउंटरवर लेखी तक्रार करून कागद घ्या. घरी जाऊन निवांत मेल करू असं करतात आणि तिथेच फसतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे बॅग फुटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आली असेल तर हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी क्लेम करावा लागतो. मधल्या दिवसांत कपडे, ब्रश असलं जे गरजेचं घ्याल त्याच्या पावत्या जपून ठेवा, आणि थर्मल पावती असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, ती अक्षरं हळूहळू पुसट होतात.