पोलला करंट येतोय असं वाटलं तर काय करायचं, आणि शॉक लागलाच तर भरपाईचे कागद कसे जमवायचे

पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी, आपल्या गल्लीतले पोल एकदा चालत जाऊन बघून या, वीस मिनिटांचं काम आहे. मुंबईत बऱ्याच भागात केबल जमिनीखालून जाते, त्यामुळे आपल्याला खरी भीती रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाची आणि फूटपाथवरच्या मिनी पिलरची, म्हणजे केबल जोडणाऱ्या लोखंडी पेटीची. हिंदमाता, गांधी मार्केट किंवा अशा कुठल्याही सखल भागात गुडघाभर पाणी भरलं की हेच सगळं पाण्यात जातं आणि आपण त्यातूनच वाट काढत स्टेशन गाठतो.

दिव्याच्या खांबाला बुडाशी छोटं दार असतं, आत केबलचा जॉइंट आणि फ्यूज. सगळ्यात आधी ते दार बघा. आहे का, बंद होतंय का, आतल्या वायर बाहेर लोंबतायत का. मग बूड गंजून चाळण झालंय का, खांब कललाय का, कोणी त्यातून स्टॉलला लाइन ओढलीय का, गेल्या गणपतीची रोषणाई अजून गुंडाळलेली आहे का. जिथे तारा वरून जातात तिथे रस्ता ओलांडणारी साध्या व्होल्टेजची उघडी तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर वर हवी आणि बिल्डिंगपासून आडवं अंतर १.२ मीटर हवं. बाल्कनीतून हात लांब केला की तार लागेल असं वाटत असेल तर ती तक्रारच आहे, मोजत बसू नका. आणि हो, खांबाला हात लावून किंवा घरातला टेस्टर घेऊन तपासायला अजिबात जाऊ नका, ते वीज कंपनीच्या माणसांचं काम आहे. कुत्री एखाद्या खांबापासून लांब पळत असतील, कोणाला झिणझिण्या आल्या असतील, जळका वास येत असेल तर तेवढंच पुरे, लोकांना लांब ठेवा आणि फोन करा.

फोन कोणाला, इथेच सगळे अडकतात. शहर भागात, म्हणजे साधारण सायन-माहीमपर्यंत, रस्त्यावरचे दिवे बेस्टकडे, उपनगरात बऱ्याच ठिकाणी अदानीकडे, भांडुप-मुलुंडकडे महावितरणकडे. कंपनीचा नंबर बिलावर छापलेला असतो. शिवाय पालिकेला १९१६ वर कळवाच. सोसायटीच्या आवारातला खांब मात्र सोसायटीचा, तिथे सेक्रेटरीला लेखी पत्र देऊन पोच घ्या. खांबावर नंबर रंगवलेला असतो, त्याचा फोटो, उघड्या दाराचा फोटो, मागे दुकानाची पाटी दिसेल असा लांबून एक फोटो, आणि तक्रार ईमेलने किंवा अॅपवर, तक्रार नंबर मिळेल अशीच.

हे एवढं का सांगतोय, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खांब होता, त्याचं दार गंजून निखळलेलं आणि कोणीतरी लाल सुतळीने बांधून ठेवलेलं. आम्ही तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा फोनवर, नंबर एकदाही लिहून घेतला नाही. जुलैत पाणी साठलं त्या रात्री इस्त्रीवाल्या काकांचा हात त्या खांबाला लागला आणि ते लांब फेकले गेले. वाचले, पण बोटावर पांढरट चट्टा, मधे खड्डा पडल्यासारखा. सकाळी ६ वाजता माणसं आली, नवं दार बसवलं, रंग मारला आणि गेली. दुपारी पंचनामा करायला पोलीस आले तेव्हा खांब नवा कोरा. आमच्याकडे पुरावा म्हणून काय होतं, तर शेजारच्या मुलीने जूनमध्ये सहज ग्रुपवर टाकलेला त्या सुतळीचा फोटो. काकांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर तोच आहे.

समोर कोणाला शॉक लागला तर त्या माणसाला धरून ओढू नका आणि त्या पाण्यात उतरू नका. ११२ आणि वीज कंपनीला फोन करा, लाइन बंद झाल्याची खात्री झाली की मगच जवळ जा, श्वास चालत नसेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. हॉस्पिटलमध्ये "विजेचा शॉक, अमुक रस्त्यावरच्या खांबाचा" असं स्पष्ट सांगून एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) नोंदवायला लावा, नुसतं "पडला" असं लिहिलं गेलं की पुढे फार जड जातं. जळल्याच्या खुणांचे फोटो ड्रेसिंगच्या आधी काढा. दुरुस्तीची माणसं यायच्या आत खांबाचा व्हिडिओ करा, समोरच्या दुकानदाराला सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी मागा, ते थोड्या दिवसांत पुसलं जातं. दुर्दैवाने माणूस गेला तर पोलीस आधी एडीआर, म्हणजे अपघाती मृत्यूची नोंद, करतात, पोस्टमॉर्टेम आणि पंचनाम्याची कॉपी मागून घ्या, आणि कोणाचा निष्काळजीपणा दिसत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा नोंदवा असा लेखी अर्ज द्या.

आता एक कागद जो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अपघात कंपनीने विद्युत निरीक्षकाला कळवायचा असतो, जीव गेला असेल तर २४ तासांत, आणि सविस्तर लेखी रिपोर्ट ४८ तासांत. निरीक्षक सरकारचा माणूस, तो चौकशी करून दोष कुठे होता ते लिहितो. त्यांच्या ऑफिसला स्वतःहून पत्र द्या, कंपनीने कळवलंच असेल असं धरून चालू नका. नंतर तो रिपोर्ट माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस. खासगी कंपनी थेट उत्तर देत नसेल तरी हा रिपोर्ट सरकारी ऑफिसात असतो, म्हणून तिथूनच मागायचा.

कंपनी म्हणेल आमची चूक नाही, कोणीतरी चोरून वायर जोडली होती. मध्य प्रदेश वीज मंडळाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये नेमका हाच बचाव फेटाळला. पावसाच्या रात्री सायकलवरून घरी निघालेला माणूस रस्त्यावर पडलेल्या तारेमुळे गेला होता, आणि कोर्ट म्हणालं की इतकी धोकादायक गोष्ट जो पुरवतो त्याची जबाबदारी निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी राहते. म्हणजे आपल्याला मुख्यतः दाखवायचं ते हे की करंट त्यांच्याच यंत्रणेतून आला आणि इजा त्यानेच झाली. म्हणून तर खांबाचा नंबर.

भरपाई मागायला वीज ग्राहक तक्रार मंचात जाऊ नका, कलम १६१ चे अपघात तिथे घेत नाहीत, महिने फुकट जातात. दिवाणी कोर्ट आहे, वीज-पाण्यासारख्या सेवांचे वाद घेणारी स्थायी लोक अदालत आहे, आणि बाई, लहान मूल, अपंग किंवा अनुसूचित जाती-जमातीतला अर्जदार असेल तर उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. कंत्राटी लाइनमनला कामावर लागलं असेल तर कर्मचारी भरपाईचा रस्ता वेगळा, आधी तो १९२३ च्या कायद्यात होता, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मृत्यूच्या दाव्याला मुदत २ वर्षं, पण पालिकेवर दावा लावायचा असेल तर आधी एक महिन्याची नोटीस आणि घटनेपासून ६ महिन्यांतच केस, त्यामुळे पहिल्या महिन्यातच वकील गाठा. जाताना पगाराच्या स्लिपा, बँक पासबुक, रेशनकार्ड, औषधांची बिलं न्या, रक्कम कमाई, वय आणि घरात किती जण अवलंबून होते यावर ठरते. मधेच कोणी मदतीचा चेक घेऊन आलं तर घ्या, पण "पूर्ण आणि अंतिम" लिहिलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.