विदर्भाच्या उन्हात टिकणारे बीटलचे इंजिन : सुटे भाग निवडताना

फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाला रेडिएटर नसतो. पंख्याने फेकलेली हवा आणि चेंबरमधले अडीच लिटर तेल, एवढ्या दोनच गोष्टी त्याला थंड ठेवतात. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा पंखा आत ओढतो ती हवाच तापलेली असते. म्हणून आपल्या भागात हे इंजिन पुन्हा बांधायचे असेल, तर प्रत्येक भागाविषयी पहिला प्रश्न त्याने ताकद किती वाढेल हा नसून उष्णता कोठे साठेल आणि कोठून बाहेर पडेल, हा असावा. पुढील विवेचन १६०० सीसीच्या, दोन पोर्टच्या हेडच्या (सिलिंडरवरील झाकणात हवा-पेट्रोल आत येण्याचे दोन मार्ग असलेल्या) इंजिनाला धरून केले आहे.

मोजमाप होईपर्यंत एकही भाग मागवू नये. इंजिन उघडल्याबरोबर मुंबई-दिल्लीहून ‘फुल किट’ मागवण्याची घाई अनेकांना होते. परंतु बेअरिंगचे माप क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि केस (तो दांडा सामावणारे इंजिनाचे कवच) या दोघांवर ठरते, आणि ती दोन्ही मापे लेथवरून परत आल्याशिवाय कळत नाहीत.

सुरुवात केसपासून करावी. ही केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. वजनाला हलकी, पण मऊ. मेन बेअरिंग बसते त्या जागेचे मूळ माप ६५ मिलिमीटर असते आणि वर्षानुवर्षांच्या दणक्याने ती जागा, विशेषतः मधल्या बेअरिंगची, लांबट होते. केस रॉकेलने स्वच्छ धुऊन, उजेडात तिरकी धरून मधल्या बैठकीवरून नख आडवे ओढावे. बेअरिंगच्या कडेजवळ नख अडखळले, तर तेथे पायरी पडली आहे असे समजावे. तशी पायरी असल्यास किंवा बेअरिंगच्या पिना ढिल्या झाल्या असल्यास लाइन बोअरिंग (सर्व बैठका एका रेषेत कापून मोठ्या करणे) करून बाहेरून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज बेअरिंग घालणे हाच मार्ग आहे. तिसऱ्या सिलिंडरच्या मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला, केसला तडा आहे का हेही येथेच पाहावे. तडा असल्यास वेल्डिंगच्या भरवशावर न राहता दुसरी केस शोधावी.

हे काम कोणाकडे द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे भागांच्या किमतीपेक्षा मोठा आहे. अकोला, अमरावती, नागपूर येथे क्रँक ग्राइंडिंगचे कसबी कारागीर आहेत, पण त्यांचा हात ट्रॅक्टरच्या ओतीव लोखंडाच्या ब्लॉकवर बसलेला असतो. या केसचे लाइन बोअरिंग करण्याचे हत्यार त्यांच्याकडे आहे का, हे आधी स्पष्ट विचारावे. क्रँक ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज घासून आणताना जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) कोपऱ्यातील गोलाई कायम ठेवण्यास सांगावे, कारण तो कोपरा काटकोनात घासला गेला की क्रँक पुढे तेथूनच तुटते. क्रँकचा लांबीतील खेळ ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर ठेवायचा असतो आणि तो फ्लायव्हीलमागच्या तीन शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवतात. म्हणून शिम निरनिराळ्या जाडीच्या मागवाव्यात.

हेड धरून ठेवणारे स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले लांब बोल्ट) जुन्या केसमध्ये १० मिलिमीटरचे असतात. इंजिन तापले की लोखंडी सिलिंडर आणि ॲल्युमिनियमचे हेड स्टडपेक्षा अधिक फुगतात, आणि तो ताण शेवटी मऊ मॅग्नेशियमच्या आट्यांवर येतो. कंपनीने पुढे ८ मिलिमीटरचे बारीक स्टड दिले. ते किंचित ताणले जातात आणि आटे वाचतात. केसमध्ये पोलादी इन्सर्ट (आट्यांची बाही) बसवून हे बारीक स्टड घ्यावेत व सुमारे अडीच किलोग्रॅम-मीटर टॉर्कवर कसावेत. १० मिलिमीटरच्या स्टडचा सव्वातीनचा आकडा येथे लावू नये.

पिस्टन-सिलिंडरच्या बाबतीत मोह आवरावा. मूळ माप ८५.५ मिलिमीटर आहे. केस न कापता बसणारे ८८ मिलिमीटरचे सेट मिळतात आणि दुकानदार ते आग्रहाने दाखवतो, परंतु त्यांची भिंत इतकी पातळ असते की उष्णतेने ती वाकते, रिंगची पकड सुटते आणि इंजिन तेल पिऊ लागते. बैलगाडीच्या रस्त्यावरून शेतात जाणाऱ्या गाडीला त्या शंभरेक सीसीचा उपयोगही नाही. मेक्सिकोत बीटल २००३ पर्यंत आणि ब्राझीलमध्ये याच जातीच्या इंजिनाची कॉम्बी व्हॅन २००५ पर्यंत बनत होती. त्या बाजारासाठी घडवलेला ८५.५ चा सेट मिळाल्यास तो निःशंक घ्यावा. कॉम्प्रेशन साडेसातास एकच्या आसपास आणि पिस्टनचा माथा सिलिंडरच्या कडेपासून १ ते १.५ मिलिमीटर खाली राहील, असे पाहावे.

सर्वाधिक पैसा हेडवर खर्च करावा, असे माझे मत आहे. एक्झॉस्ट व्हॉल्वची उष्णता सीटमधून (व्हॉल्व टेकतो ती कडी) आणि गाइडमधून (त्याची दांडी सरकते ती नळी) हेडमध्ये उतरते. गाइड झिजला की व्हॉल्व डगमगतो, सीटवर नीट टेकत नाही, उष्णतेची वाट बंद होते आणि एके दिवशी त्याचे डोके तुटून पिस्टनवर पडते. म्हणून गाइड आणि एक्झॉस्ट व्हॉल्व प्रत्येक बांधणीत नवेच घालावेत. जुने व्हॉल्व ग्राइंड करून वापरण्यातली बचत फसवी आहे. दोन सीटच्या मधून स्पार्क प्लगकडे जाणारा तडा असेल, तर ते हेड बाजूला ठेवावे. पुश रॉडच्या (व्हॉल्व उघडण्यासाठी जोर पोचवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या बसवण्यापूर्वी ताणून १९० ते १९१ मिलिमीटर कराव्यात आणि त्यांचे सील उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचे किंवा व्हिटॉन रबराचे घ्यावेत.

कॅम (व्हॉल्व उघडणारा उंचवट्यांचा दांडा) नवा असेल तर टॅपेटही (कॅमवर टेकून पुश रॉड ढकलणारे भाग) नवेच हवेत. जुने टॅपेट नव्या कॅमचा पृष्ठभाग लवकर खातात. ऑइल पंप मात्र कॅम पाहून घ्यावा. सपाट गिअरच्या कॅमचा पंप वेगळा आणि खोलगट गिअरच्या कॅमचा वेगळा असतो, आणि अदलाबदल झाली तर दोन्ही एकमेकांना घासतात. मोठा पंप म्हणजे चांगला पंप, हा समजही सोडावा. दुरुस्त केसमध्ये मूळ मापाचा पंप पुरतो. वाढीव खर्च करायचाच असेल तर बाहेरील ऑइल फिल्टर जोडण्यावर करावा, कारण मूळ इंजिनात केवळ जाळी आहे.

ऑइल कूलरकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. जुन्या रचनेत तो पंख्याच्या कव्हरच्या आत उभा असल्याने त्याची तापलेली हवा थेट तिसऱ्या सिलिंडरवर जाते, आणि तिसऱ्याचाच एक्झॉस्ट व्हॉल्व अधिक जळतो. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाहेर सरकवून त्याला स्वतंत्र हवा दिली गेली. या ‘डॉगहाउस’ रचनेचे कव्हर, कूलर आणि रुंद पंखा असा पूर्ण संच मिळवता आला तर विदर्भासाठी याहून उपयुक्त बदल नाही. बेअरिंग फुटलेल्या इंजिनाचा कूलर मात्र कितीही धुतला तरी वापरू नये. त्याच्या आत अडकलेली धातूची कीस नव्या बेअरिंगवर येते.

पत्र्याची सर्व झाकणे आणि इंजिनाच्या कडेचे रबर जागच्या जागी हवे, नाहीतर सिलिंडरखालची गरम हवा फिरून पंख्यातच जाते. मूळ पत्रे जाड आणि नेमके असतात. गंजलेले नसतील तर रंगवून तेच ठेवावेत. हिंगणघाट, वणी, यवतमाळच्या जिनिंग परिसरात हंगामात रुईचे तंतू हवेत तरंगतात. तेलाने ओलसर झालेल्या कूलरच्या पात्यांत ते गुंतले की वरून काळ्या मातीची धूळ बसते आणि नमदा तयार होतो. त्यामुळे सील निवडताना काटकसर नको, कारण तेल पाझरले नाही तर तंतू चिकटत नाहीत.

एअर फिल्टर मूळचा, तेलात धूळ पकडणारा ठेवावा; चकचकीत क्रोमचे छोटे फिल्टर कच्च्या रस्त्यासाठी नाहीत. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूमचा घ्यावा. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचाच हवा, कारण सध्याच्या पेट्रोलमधील इथेनॉलने जुने रबर फुगते व चिरते, आणि तापलेल्या इंजिनावर टपकलेले पेट्रोल पेटल्यास मॅग्नेशियमची केस विझवणे जवळजवळ अशक्य असते.