घरासाठी आणि सहलीसाठी कॅमेरा घेताय? या चुका टाळा

भर उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा फोटो आज कोणताही कॅमेरा नीट काढतो, फोनही काढतो. कॅमेऱ्याचा कस लागतो तो संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली, एका जागी न थांबणाऱ्या मुलासमोर. फोटो हलला, बटण दाबेपर्यंत मूल निघून गेलं, चेहऱ्यावर दाणे आले, या सगळ्या तक्रारी तिथूनच येतात. म्हणून कॅमेरा निवडताना हाच प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा. जो इथे टिकतो तो सहलीतही टिकतो. उलट मात्र घडेलच असं नाही.

मेगापिक्सेलवर भाळणं

४ बाय ६ इंची प्रिंट ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचात ३०० ठिपक्यांनी छापायची तर १८०० बाय १२००, म्हणजे जेमतेम २२ लाख पिक्सेल लागतात. ए४ आकाराला सुमारे ८७ लाख आणि फोर-के टीव्हीचा पूर्ण पडदा भरायला ८३ लाख. १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे १२० लाख पिक्सेलचा कॅमेरा घरच्या सगळ्या गरजा भागवतो आणि २० असतील तर फोटो कापायलाही जागा उरते. त्यापुढचा आकडा खोक्यावर छान दिसतो, एवढंच.

पाहायचा तो सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा आकार. स्वस्त आणि लांब झूमच्या कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो. त्याचं खरं माप सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. 'एक इंची' म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. तोही खरोखर इंचभर नसतो, पण क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट भरतं. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे तेरापट. लेन्सचा एफ-आकडा (तो जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं) आणि शटरचा वेग (उजेड किती वेळ आत येतो ते) तेच असताना मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो, आणि दिव्याखालचा चेहरा स्वच्छ येतो तो त्यामुळेच.

झूमचा आकडा पाहून घेणं

'३० पट झूम' म्हणजे बऱ्याचदा २४ ते ७२० मिलिमीटर. हा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. ऐकायला भारी वाटतं, पण एवढा झूम खिशात मावणाऱ्या लेन्समध्ये बसवायचा तर सेन्सर लहान ठेवावा लागतो आणि लेन्सचं तोंडही अरुंद राहतं. ७२० मिलिमीटरला हातात धरून फोटो काढायचा तर १/७५० सेकंदाच्या आसपास शटर हवं. स्थिरीकरण (स्टॅबिलायझेशन) असेल तर त्याहून बरंच मंद शटरही चालतं, पण समोरचा माणूस हलत असेल तर स्थिरीकरणाचा काही उपयोग नाही. ते फक्त तुमच्या हाताचा कंप शोषून घेतं. 'स्टॅबिलायझेशन आहे, मग मुलगी धूसर का आली?' याचं उत्तर हेच.

घरासाठी झूमचं रुंद टोक जास्त कामाचं. खोलीत दहा माणसं एका चौकटीत बसवायची तर २४ मिलिमीटर हवेत. २८ ला भिंतीला पाठ टेकवूनही कडेचं कुणीतरी कापलं जातं. लांबचं टोक ७० ते १०० मिलिमीटर असलं की चेहऱ्यांसाठी पुरे. मुलांचे रंगमंचावरचे कार्यक्रम किंवा मैदानावरचे सामने नेहमी टिपायचे असतील तरच २०० ते ३०० चा विचार करावा. डिजिटल झूम जमेस धरूच नका. दुप्पट डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला पाव भाग कापून ताणलेला. मेनूत जाऊन तो बंदच करून टाका.

लेन्सच्या कड्यावरचे आकडे वाचायला शिकलात तर विक्रेत्याला फारसं विचारावं लागत नाही. '१:१.८-२.८' असं लिहिलं असेल तर रुंद टोकाला एफ/१.८ आणि लांब टोकाला एफ/२.८. '१:३.३-६.४' दिसलं तर समजा, झूम केल्यावर हा कॅमेरा घरात आंधळा होणार. एफ/२ च्या लेन्समधून एफ/५.६ च्या सुमारे आठपट उजेड आत येतो. घरातल्या साध्या दिव्यात मूल न हलता यावं म्हणून १/२५० सेकंद ठेवलं, तर एफ/२ ला आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) ३२०० च्या आसपास काम भागतं; एफ/५.६ ला तोच आयएसओ २५६०० पर्यंत चढतो, आणि लहान सेन्सरवर त्या आयएसओला चेहऱ्याचा पार चिखल होतो.

कमी बटणं असली की सोपा, हा समज

बटणं कमी करून सगळं मेनूत कोंबलेला कॅमेरा वापरायला सगळ्यात अवघड. सोपा तो, जो चालू केल्यावर एक-दीड सेकंदात तयार होतो, चेहरा आणि डोळा आपणहून पकडतो, आणि ज्याची नेहमी लागणारी उजेडाची कमी-जास्त एका चाकावर असते. स्पर्शाने फोकस देता येणारा पडदाही हवाच. घरातल्या ज्येष्ठांनाही तो लगेच जमतो.

बहुतेक जण एक गोष्ट पाहतच नाहीत. ऑटो मोडमध्ये अनेक कॅमेरे घरात १/६० सेकंदावर समाधान मानतात. बसलेल्या माणसाला ते चालतं, धावणाऱ्या मुलाला नाही. म्हणून मेनूत 'ऑटो आयएसओ'खाली 'किमान शटर वेग' ठरवता येतो का, ते विचारा. येत असेल तर १/२५० लावून ठेवा आणि कॅमेरा पी मोडवर (चाकावरचा 'P', बहुतेक गोष्टी कॅमेराच ठरवतो) सोडून द्या. या एका सोयीपायी थोडा महाग कॅमेरा घ्यावा लागला तरी घ्यावा, इतकी ती मोलाची आहे. ती नसेल तर 'मुलं' किंवा 'खेळ' नावाचा सीन मोड तरी असावा. तो शटर वेगवान ठेवतो.

मग घ्यावा कोणता? खिशात मावणारा हवा असेल तर एक इंची सेन्सर आणि एफ/१.८ ते २.८ च्या घरातली लेन्स असलेला कॉम्पॅक्ट. गळ्यात अडकवायची तयारी असेल तर एपीएस-सी किंवा त्याहून थोड्या लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरचा छोटा मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा, आत आरसा नसलेला कॅमेरा. त्याच्यासोबत येणारी किट लेन्स उन्हात उत्तम, पण घरात अपुरी. ३५ मिलिमीटरच्या आसपासची एफ/१.८ किंवा एफ/२ ची एक लेन्स जोडीला घेतली तरच मिररलेसवर केलेला खर्च वसूल होतो. दोन-तीन लेन्स बदलत बसायची हौस नसेल तर मिररलेसच्या वाटेला जाऊ नये. समुद्रात, पोहण्याच्या तलावात वापरायचा असेल तर ओएम सिस्टमच्या टफ टीजी मालिकेसारखा जलरोधक कॅमेरा घ्यावा. टीजी-७ हा १५ मीटर खोलीपर्यंत चालतो. सेन्सर मात्र लहान असतो, त्यामुळे घरातला मुख्य कॅमेरा म्हणून तो कमी पडतो.

दुकानात नुसता हातात धरून पाहणं

आपलं मेमरी कार्ड खिशात घेऊन जा आणि परवानगी घेऊन ते कॅमेऱ्यात घाला. कॅमेरा बंद स्थितीतून चालू करून पहिला फोटो निघायला किती वेळ लागतो ते पाहा. सोबतच्या माणसाला तुमच्या दिशेने झपझप चालत यायला सांगा आणि बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग, दहा फोटो काढा. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एखादा चेहरा टिपा. शेवटी दाराशी, उन्हात जाऊन पडदा दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) असलेलं मॉडेल मागा, कारण समुद्रकिनाऱ्यावर नेमकी हीच अडचण येते. घरी आल्यावर फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करा. चालत येणाऱ्या माणसाच्या दहापैकी सात-आठ फोटोंत डोळे रेखीव असतील तर फोकसची चिंता नाही.

जुना कॅमेरा घेताना आणखी एक खाच. २००६ च्या आधीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीपर्यंतचीच साधी एसडी कार्डं वाचतात, आणि ३२ जीबीहून मोठ्या कार्डांचा एसडीएक्ससी प्रकार २००९ मध्ये आला असल्यामुळे त्याआधीच्यांना ३२ जीबीहून मोठं कार्ड चालत नाही. काही जुन्या मॉडेलांना तर एक्सडी नावाचं वेगळंच कार्ड लागतं, जे आता बनतच नाही. बॅटरी नवी मिळते का, हे पैसे देण्याआधी शोधा.

कार्ड आणि बॅटरीत काटकसर

फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिट प्रति सेकंदाने साठत असेल तर ६४ जीबी कार्डात साधारण ८५ मिनिटं मावतात. कार्डावर व्ही३० किंवा यू३ ची खूण हवी; दोन्हींचा अर्थ किमान ३० मेगाबाइट प्रति सेकंद लेखन. त्याहून मंद कार्डावर व्हिडिओ मध्येच थांबू शकतो आणि बर्स्टनंतर कॅमेरा अडून बसतो. एका २५६ जीबीपेक्षा दोन ६४ जीबी बरी, म्हणजे एक बिघडलं तरी सगळी सहल जात नाही. नकली कार्डं बाजारात भरपूर असतात, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं.

बॅटरीवर किती फोटो निघतात हा आकडा बहुधा सीपा या जपानी संघटनेच्या चाचणीचा असतो. दोन मॉडेलांची तुलना करायला तो चांगला, पण व्हिडिओ आणि वायफाय वापरलं की तो बराच खाली येतो. एक जादा बॅटरी घ्याच. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. टोकं झाकलेली ठेवा. १०० वॉट-तासांची मर्यादा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या गाठत नाहीत. त्या बहुधा २० च्या आतच असतात.

फोटो बिघडला तर आधी तो मोठा करून पाहा

'धूसर आला' असं म्हणून कॅमेऱ्याला दोष देण्याआधी धूसरपणा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. भिंत, टेबल, माणसं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं असेल तर हात हलला: कोपर अंगाला टेकवा, शटरचा वेग वाढवा. टेबल रेखीव आणि मूल तेवढं फराटलेलं असेल तर मूल हललं: १/२५०, पळत असेल तर १/५००. मागचं झाड रेखीव आणि चेहरा मऊ असेल तर फोकस चुकला. चेहरा ओळखण्याची सोय चालू करा, बटण अर्धं दाबून चौकट हिरवी होऊ द्या, मगच पूर्ण दाबा. फार जवळ गेल्यानेही असं होतं. झूमच्या लांब टोकाला बऱ्याच कॅमेऱ्यांना एक मीटरच्या आत फोकस करताच येत नाही. आणि सगळ्यावर दुधाळ पडदा, दिव्यांभोवती तेजाची वलयं असतील तर लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा आहे. आधी रबरी फुंकणीने (ब्लोअरने) धूळ उडवा, मग मायक्रोफायबरने पुसा. धुळीसकट पुसलं तर चरे पडतात.

खिडकीसमोर उभ्या माणसाचा चेहरा काळा पडतो, कारण कॅमेरा खिडकीच्या उजेडावर हिशेब करतो. उजेडाचं चाक +१ वर न्या किंवा फ्लॅश सक्तीने चालू करा. बर्फ आणि पांढरी वाळू राखाडी येते तेव्हाही +०.७ ते +१. छोट्या फ्लॅशचा पल्ला तीन-चार मीटर असतो, त्यामुळे सभागृहाच्या मागच्या रांगेतून तो चालू ठेवण्यात अर्थ नाही. पुढच्यांची डोकी तेवढी उजळतात.

फ्लॅशच्या फोटोत तरंगणारे पांढरे गोळे म्हणजे लेन्ससमोरची धूळ किंवा पावसाचे थेंब. पण प्रत्येक फोटोत त्याच जागी काळसर ठिपका असेल तर धूळ सेन्सरवर आहे. निरभ्र आकाशाचा एफ/११ ला फोटो काढला की ती स्पष्ट दिसते. लेन्स न निघणाऱ्या कॉम्पॅक्टमध्ये ती घरी काढता येत नाही, सेवा केंद्राकडेच द्यावा.

एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे येतात ते दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे. ५० हर्ट्झ विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. 'सायलेंट' म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवा; ६० हर्ट्झच्या देशात १/१२० किंवा १/६०.

लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकली तर ढकलू नका, आतले दाते तुटतात. आधी पूर्ण भरलेली बॅटरी घाला. पुष्कळदा तेवढ्यानेच सुटते. वाळूची शंका असेल तर लेन्स जमिनीकडे करून फुंकणीने हवा मारा. पिशवीत चुकून चालू झाल्यानेही हे होतं, म्हणून कॉम्पॅक्टला घट्ट पाकीट हवं. जलरोधक कॅमेरा खाऱ्या पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, मग धुवून सुकवा, आणि झाकण उघडण्याआधी रबरी कडेवर केस किंवा वाळूचा कण नाही ना ते पाहा. एवढ्याशा कणाने पाणी आत शिरतं.

गार खोलीतून दमट हवेत किंवा थंडीतून उबदार घरात आलात की लेन्सवर दव साचतं. कॅमेरा बंद पिशवीत तासभर राहू द्या, भोवतालच्या हवेच्या तापमानाला आला की काढा. तोवर लेन्स बदलू नका, नाहीतर ओल आत जाते.

'कार्ड लॉक्ड' असं दिसलं तर कार्डाच्या कडेची सरकती पट्टी वर करा. 'कार्ड एरर' आली तर फॉरमॅटला हो म्हणू नका आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. कार्ड काढून ठेवा. पुसलेले फोटो वरून नवीन लिहिलं जात नाही तोवर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बहुधा परत मिळतात. एरवी रोज रात्री फोटो दुसऱ्या जागी उतरवून घ्या. वायफाय रेंगाळत असेल तर फोनला लागणारा कार्ड रीडर कितीतरी वेगाने काम करतो. दोन ठिकाणी प्रती झाल्याची खात्री पटली की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकावर नको.